विमानाची कॉलर

॥ श्री ॥

औसा, जि. लातूर
दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. तारामती आत्यास सुदर्शनचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं मी सव्वा महिना टाळलं, हे पहिल्याच ओळीत कबूल करतो, म्हणजे तुला लगेच रागावून मोकळं होता येईल. कारणं चार आहेत, पण त्यांतली तीन खोटी आहेत. फोन करत नाही ते मात्र तुझ्यासाठीच. तुझ्या कानातलं मशीन फोनजवळ आलं की शिट्टी मारतं आणि मग तू माझ्यावरच ओरडतेस.

सोलापूरला जातो अशी चिठ्ठी ठेवून निघालो होतो. सोलापूर मी अजून पाहिलेलं नाही. औशाला बस चहासाठी थांबली. हॉटेलाच्या मागं एक पत्र्याची शेड आहे, तिच्या दारातून विमानाचं शेपूट बाहेर आलेलं दिसलं. खोटं सांगत नाही, खरंच विमानाचं. बघायला गेलो, बघत राहिलो, आणि बस गेली. माझी पिशवी मात्र सोलापूर बघून चौथ्या दिवशी परत आली. कंडक्टर चांगला होता.

शेड सिद्रामप्पांची. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. वय एकाहत्तर, एसटीच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करून रिटायर झालेले. नऊ वर्षं झाली, एकटेच दोन माणसांचं विमान बांधून राहिलेत. उडवायच्या परवानगीचं वेगळंच लचांड आहे, ते कागद दिल्लीला जातात. पण पाडव्याला विमान शेडबाहेर काढून इंजिन चालू करायचंच, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलंय. त्यांनी मला विचारलं की काय येतं. मी म्हणालो, फायबरचं येतं. त्यांनी हातात झाडू दिला. आठ दिवस झाडलं, तेव्हा कुठं समोरच्या काचेपर्यंत पोचलो.

काच म्हणायची, पण ती काच नाही. जाड, पारदर्शक, वाकवलेलं ॲक्रेलिक आहे. एकच नग आहे आणि तो यायला सात महिने लागले. ही काच विमानाच्या नाकावर बसते, पण तिच्या कडेला खाली दोन बोटं फट राहते. त्या फटीत फोम भरायचा, घासून उतार द्यायचा, म्हणजे वारा न अडखळता काचेवर चढेल. त्यावर फायबरचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळल्यावर दगड होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून चार थर द्यायचे. वाळलं की अख्खा घेर उचलून काढायचा, कडा कापायच्या आणि स्क्रूनं पक्का बसवायचा. शर्टाला कॉलर असते ना, तसं.

काल लाकडी साच्यावर नमुना करून पाहिला. फोम म्हणून टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल घेतलं. कापड कोपऱ्यावर बसेना, चुण्याच चुण्या पडल्या. मी आपला त्या चुण्या दाबत बसलो, तर खालचं थर्माकोलच गायब! चहात बत्तासा टाकावा तसं रेझिननं ते खाऊन टाकलं. अप्पा इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

मकबूलचाचांना माझा नमस्कार सांगू नकोस. म्हणजे, त्यांनी विचारलं तर सांग.

लोभ आहे तेवढा राहू दे, रागातून काही उरला तर तोही त्यातच मिळव.

तुझा,
सुदर्शन


देगलूर नाका, नांदेड
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास अ. उ. आ.

पत्र मिळालं. रागावून झालं. आता बाकीचं ऐक.

तू गेलास तेव्हा तुझ्या आबाला, माझ्या भावाला, मीच तोंड दिलं. श्रीमंतनं लोह्याच्या पेट्रोल पंपावर तुझ्यासाठी बोलून ठेवलंय. त्याचं म्हणणं, पोरगं आयटीआय एका वर्षात सोडून आलं, ऊसतोडीच्या मशीनवर दोन महिने टिकलं, माहूरला तीन महिने नारळ विकले, मकबूलभाईंकडं ऑटोचे फायबरचे हूड बनवायला दहा महिने काढले आणि न सांगता पळालं. मी त्याला एवढंच म्हणाले की दहा महिने हा तुझ्या पोराचा विक्रम आहे. तो हसला न्हाई. शेवटी पाडव्यापर्यंत मुदत मागून घेतली. तोवर एक काम, कुठलंही, टोकापर्यंत नेऊन दाखव. न्हाई तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लोह्याला. मी शब्द देऊन बसले आहे, सुदर्शन. माझं नाक ठेव.

आता तुझ्या चुण्या. अरे, इतकी वर्षं माझ्या मशीनखाली खेळलास आणि कापड उभं कापून गोलाईवर बसवायला गेलास? ब्लाऊजच्या गळ्याला पट्टी कशी कापते मी? उरेब. म्हणजे तिरपी, कोपऱ्यातून कोपऱ्याकडं. तिरपं कापड ताणलं जातं आणि वळणावर मुकाट बसतं. तुझं कापड काचेचं असो की मलमलचं, विणलेलं असेल तर ऐकेलच. वाटलं म्हणून कागदाचा एक नमुना कापून सोबत घातलाय. बोटं कापू नकोस.

तुझं पत्र मकबूलभाईंना वाचून दाखवलं. शेजारी दुकान, किती लपवणार? थर्माकोलपाशी त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणे, त्या रेझिनला थर्माकोल दाखवायचंसुद्धा नसतं, थंड्या खोलीच्या दारात पिवळा कडक फोम असतो तो घे म्हणावं. एवढं बोलून कामाला लागले. तू कसा आहेस, कधी येणार, काही विचारलं न्हाई. तुमच्या दोघांत काय झालंय ते मला कुणीच सांगत न्हाई. त्यांच्या कोंबड्या मजेत आहेत. त्यांना नवं घर मिळालंय, मोठं अजब आकाराचं.

मी येऊन बघेन अशी आशा धरू नकोस. बसमध्ये बसले की लोहा यायच्या आत माझं पोट वर येतं, तुला ठाऊक आहे. नांदेडच्या बाहेर पाऊल टाकून अकरा वर्षं झाली.

जेवत जा. माया आहे, तिचा गैरफायदा मापात घ्यावा.

तुझी,
आत्या


औसा
दि. २३ फेब्रुवारी २०२५, रविवार सकाळ

ती. आत्यास सा. न. वि. वि.

उरेब! आत्या, तू विमानाच्या कारखान्यात पाहिजे होतीस. तुझा कागद ठेवून नमुन्यावर तिरपं कापड घातलं, तर कोपऱ्यावर असं बसलं जसं काही तिथंच जन्मलं. अप्पांनी तुझा कागद शेडच्या भिंतीवर खिळ्याला लावून ठेवलाय.

पिवळा फोमही मिळाला. इथल्या दूध शीतकरण केंद्राचं जुनं दार भंगारात पडलं होतं, ते अप्पांनी सायकलवर आडवं टाकून आणलं. दाराला अजून दह्याचा वास आहे. तुकडे फटीत बसवले, करवतीच्या पात्यानं तासले, मग पॉलिश पेपर. मकबूलचाचा सांगायचे की खड्डा डोळ्याला दिसत नाही, डोळे मिटून तळहात फिरवायचा, मग सापडतो. तसं पाच दिवस मी आंधळ्यासारखा विमान चाचपून राहिलो. एक मोह झाला. नांदेडच्या ऑटोवाल्यांना हुडाच्या कडेला अशी वर उचललेली चोच लागते, शौक म्हणून. हातानं सवयीनं तीच चोच काढली. मला लई आवडली. अप्पा म्हणाले की ही चोच वाऱ्यानं धरली तर आपण दोघं लातूरऐवजी थेट वर जाऊ. घासून टाकली. जीव तुटला थोडा.

आज कापड घालायचं. काचेला आणि पत्र्याला कागदी चिकटपट्टी लावून झाली, पण कागद रेझिन पितो. म्हणून पट्टीवर सगळीकडं मेणाचं पॉलिश लावायचं. मेण असेल तिथून फायबर सुटतं, मेण नसेल तिथं कायमचं चिकटतं. डाव्या बाजूचं लावून झालंय. ते सुकेपर्यंत तुला लिहायला बसलो. हात राखेनं तीनदा घासून धुतलेत, तुझ्या पत्राला डाग नको म्हणून. बघ, किती सुधारलोय!

किल्ल्याचं सांगायचं राहिलं. इथला किल्ला जमिनीत बसल्यासारखा आहे, लांबून दिसतच नाही, आणि आत एक विहीर आहे तिच्यात… थांब, अप्पा हाक मारून राहिलेत.

आलो. कुठं होतो मी? सोड किल्ला, इथं काय झालं ते ऐक. किल्ल्याकडची वानरं आली, पत्र्यावर सात-आठ जणांनी धुमाकूळ घातला आणि एकानं दोरीवर वाळत घातलेली अप्पांची टोपी नेली. अप्पा टोपीशिवाय विमानाला हात लावत नाहीत. मी वानरामागं, अप्पा माझ्यामागं, आमच्यामागं हॉटेलातलं गिऱ्हाईक. शेवटी भुईमुगाच्या शेंगांवर सौदा पटला. टोपी मिळाली, पण वानरानं घालून पाहिली होती म्हणून अप्पा ती धुऊन सुकायची वाट बघत बसलेत. हा पेनही मेला बिघडला. मघाशी धड चालत होता, आता अक्षर उमटतच नाही, एकेक शब्द दोनदा गिरवून राहिलोय. औशाचे पेन घेऊ नयेत. तू सांभाळून वाच.

टोपी सुकली. अप्पांनी रेझिन कालवायला घेतलंय. आता दीड तास श्वास घ्यायला सवड नाही.

लोभ तिरपा कापून पाठव, म्हणजे माझ्यावर नीट बसेल.

तुझा,
सुदर्शन


नांदेड
दि. ५ मार्च २०२५

चि. सुदर्शन यास आ.

पोस्टकार्डच लिहिते, लग्नाच्या ब्लाऊजांचा ढीग आहे. पत्र मिळून पाच दिवस झाले. कॉलर सुटली का? श्रीमंत दोनदा विचारून गेला. मकबूलभाईंनी विचारलं न्हाई, पण पोस्टमन आला की ते हातातलं काम थांबवतात. एका ओळीत कळव. माया तशीच आहे.

आत्या


औसा
दि. १० मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कॉलर सुटली नाही. खरं सांगायचं तर मी ती ओढूनच पाहिली नाही. पंधरा दिवस झाले.

थर छान बसले, एक बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना अचानक प्रश्न पडला. उजव्या बाजूला मेण लावलं का? डावीकडचं लावल्याचं पक्कं आठवतं. वानरं आठवतात. मधलं काहीच आठवत नाही, घासून पुसल्यासारखं कोरं आहे. डबा बघितला, तर तो आधीच अर्धा होता. वरून बघून काही कळत नाही, सगळं खाली झाकलं गेलंय.

लावलं असेल, तर लाकडी पाचर घालून हलकं ठोकलं की सुटेल. लावलं नसेल आणि ठोकलं, तर काच तडकेल. सात महिन्यांची काच, आत्या. न ठोकता कॉलर करवतीनं कापून काढली तर काच वाचेल, पण सगळं काम वाया जाईल. नवं करायला महिना लागेल. पाडवा वीस दिवसांवर आलाय. अप्पांना मी रोज सांगतो की अजून मुरू द्या. ते बरं म्हणतात आणि दुसरं काम काढतात. त्यांचा तो विश्वास बघून मला जेवण जात नाही.

आता तू विचारशील की न लावल्याची एवढी खात्री का वाटते. कारण मी हे आधी केलंय. डिसेंबरात चाचांकडं ऑटोच्या हुडाच्या साच्याला मेण लावायचं काम माझ्याकडं होतं. रस्त्यानं उंट चालला होता, तो बघायला गेलो, आलो आणि तसंच कापड घातलं. हूड साच्यात चिकटला तो चिकटलाच. तो साचा चाचांनी त्यांच्या उस्तादांकडून आणलेला, बावीस वर्षांचा. चाचा नुसते साच्याकडं बघत उभे राहिले. मग बाहेर जाऊन कुणाला तरी काही सांगत होते, तेवढ्यात मी मागच्या दारानं निघालो. ती सोलापूरची चिठ्ठी त्याच दिवशीची.

आत्ताही बसस्टँड इथून दोन मिनिटांवर आहे. काल तिथं जाऊन बसून आलो. तीन गाड्या गेल्या. परत आलो ते का, मलाच माहीत नाही. तुझं नाक आठवलं असेल.

काय करू? लवकर लिही.

तुझा,
सुदर्शन


नांदेड
दि. १५ मार्च २०२५

चि. सुदर्शन यास अ. उ. आ.

गाढवा, उजव्या बाजूला मेण लावलंयस तू.

मला कसं कळलं ते सांगते. तुझी सगळी पत्रं माझ्या खडूच्या डब्यात असतात. तेवीस तारखेचं काढून परत वाचलं. पहिल्या पानावर तूच लिहिलंस की डावीकडं मेण लावून झालं आणि हात राखेनं तीनदा धुतले. ते पान स्वच्छ आहे, अक्षर मोत्यासारखं. मग अप्पांनी हाक मारली. परत आल्यावरचं दुसरं पान बघ म्हणावं तुझ्या औशाच्या पेनाला! पेनाला काय धाड भरलीय? कागदच शाई घेत न्हाई. कडेला तुझ्या डाव्या हाताची चार बोटं उमटलीत, उजेडात धरलं की आरपार दिसतात.

तेवढ्यानं माझं समाधान झालं न्हाई. कुणाच्या साडीवर मेणबत्ती सांडली तर मी काय करते? दोन्ही पानं खाकी कागदात घालून इस्त्री फिरवली. पहिल्या पानाखालचा कागद कोरा. दुसऱ्याखालच्या कागदावर चार बोटं उतरली. तो कागद घेऊन मकबूलभाईंकडं गेले. त्यांनी हुंगला आणि म्हणाले की हे साच्याचंच पॉलिश आहे, चाळीस वर्षं हा वास नाकात आहे. म्हणजे हात धुतल्यानंतर आणि वानरामागं धावण्याआधी तू पुन्हा मेणात हात घातला होतास. डावीकडचं तर झालेलं होतं. मग कुठं लावलंस, वानराला?

आता त्या साच्याचं. मकबूलभाईंनी तो मागच्या अंगणात उलटा टाकला, त्यात तिसऱ्या दिवशी कोंबड्या जाऊन बसल्या. तेच ते अजब घर. मकबूलभाईंच्या सुलतानबी वहिनी म्हणतात की कोंबड्या इतक्या कधी खूश नव्हत्या, साचा परत मागितलात तर याद राखा. साच्याचा राग त्यांना दोन दिवस होता. दुसरा राग अजून आहे. त्या दिवशी ते बाहेर गेले ते चहा सांगायला. दोन चहा सांगितले होते, तुला शेजारी बसवून चूक कुठं झाली ते समजावायचं होतं म्हणे. आत आले तर पोरगं न्हाई. दोन्ही चहा त्यांनाच प्यावे लागले. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला, आणि आजकाल मला आवाज बदललेला क्वचितच कळतो.

तेव्हा आधी अप्पांना सगळं सांग. माझ्या इस्त्रीवर विसंबून गुपचूप ठोकायला जाऊ नकोस, काच त्यांची आहे. ते हो म्हणाले तरच पाचर घाल. आणि मकबूलभाईंचा निरोप: उजवीकडूनच सुरू कर, ज्या बाजूची भीती वाटते ती आधी.

बसस्टँडवर पुन्हा गेलास तर फक्त चहाला जा.

तुझी,
आत्या


औसा
दि. २६ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सुटली! आधी हे लिहितो, बाकीचं मागून.

तुझं पत्र एकोणीसला मिळालं आणि तरी अप्पांशी बोलायला मला दोन दिवस लागले. शेवटी ते शेंगा सोलत बसले होते तेव्हा शेजारी बसलो आणि उंटापासून वानरापर्यंत सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं. अप्पा उठले, खाटेखालून एक नवी कोरी करवत काढली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाले की फेब्रुवारीच्या शेवटीच आणून ठेवली होती. दिवसभर बडबडणारं पोरगं एका रात्रीत मुकं झालं तेव्हाच त्यांना कळलं होतं की खाली काहीतरी चिकटलंय. कापायचं का ठोकायचं हे मी येऊन बोलेन तेव्हा ठरवू, म्हणून ते गप्प राहिले होते. मी विचारलं, आणि बोललोच नसतो तर? तर म्हणाले, पत्र्याचा माणूस मी, वाकायला वेळ लागतो हे मला माहीत आहे.

मग म्हणाले, तुझ्या आत्यानं इस्त्री फिरवली ना, ठोक.

उजवीकडून सुरू केलं. बाभळीची पातळ पाचर तासली, कडेला घातली आणि लाकडी हातोडीनं इतकं हळू ठोकलं की माशीसुद्धा उठली नसती. पहिल्या ठोक्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. पाचव्याला असा बारीक टक् आवाज आला आणि माझे डोळे आपोआप मिटले. काच गेली असं वाटलं. अप्पांनी माझा हात धरून तळवा कडेवर ठेवला. डोळे मिटूनच फिरवला. फट होती, आत्या! केसाएवढी, पण सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काचेला ओरखडा नाही. मग डावी बाजू तर आपण होऊनच उठली. अख्खी कॉलर दोघांनी हातांवर उचलली, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणतात तशी, आणि अप्पा ती घेऊन हॉटेलभर दाखवत फिरले.

पुढचे चार दिवस कडा कापल्या, घासल्या, भोकं पाडली. काल संध्याकाळी शेवटचा स्क्रू मी आवळला. अठ्ठावीस स्क्रू आहेत. अठ्ठाविसावा आवळल्यावर पुढं काय करायचं ते मला कळेना, कारण एखादं काम संपलं की कसं वाटतं हे मला माहीतच नव्हतं. थोडा वेळ झाडून काढलं.

आबांना सांग, लोह्याच्या पंपावर दुसरा माणूस बघा म्हणावं. पाडव्याला विमान बाहेर निघणार, आणि मग शेपटाला अशाच दोन छोट्या कॉलरी करायच्या आहेत. अप्पांनी विचारलं की थांबतोस का. मी हाव म्हणालो, आणि गंमत म्हणजे विचार न करता म्हणालो.

मकबूलचाचांना काय लिहावं ते अजून सुचलं नाही. तू त्यांना इतकंच सांग की उजवीकडून सुरू केलं. साच्याबद्दल माफी मी समोर येऊनच मागेन, पत्रातून नाही. पाडवा झाला की दोन दिवस नांदेडला येतो, तोवर तू त्यांना

थांब. बाहेर ऑटो थांबला. औशाचा नाही, हुडाला चोच आहे. अशी चोच फक्त एका माणसाच्या हातची असते.

आत्या, तू! मागच्या सीटवर उशीला टेकून, कानाला रुमाल, हातात लिंबू, आणि चेहऱ्यावर एवढी धूळ की आधी ओळखूच आली नाहीस. पुढं हँडलवर मकबूलचाचा. अप्पांना तू ओरडून सांगून राहिलीस ते मला इथं आत ऐकू येतंय, की बसमध्ये पोट वर येतं पण उघड्या ऑटोत वारा तोंडावर घेतला तर काही होत नाही, आणि हे अकरा वर्षं कुणाला सुचलं कसं नाही. चाचा अजून खाली उतरलेले नाहीत. ते दारातून काचेकडं बघून राहिलेत.

आता हे पत्र पोस्टात टाकायची गरज नाही, हातातच देतो. पण आधी हॉटेलात जाऊन चार चहा सांगून येतो, आणि चाचांच्या शेजारी बसतो.

सुदर्शन